आफ्रिकेतील संशोधक विद्यार्थी आणि अभ्यागतवृत्ती

शिष्यवृत्ती हा शब्द आमच्या विद्यार्थी वाचकांपैकी कोणासही नवा नाही. शिष्यवृत्तीच्या परीक्षेस बसलेला मुलगा किंवा मुलगी प्रत्येक आळीत एखादी तरी सापडतेच, आणि निकाल लागल्यावर पेढे वाटणारे पालकही सापडतात. परंतु ह्या लेखात जिचा विचार करावयाचा आहे ती वृत्ती अगदी निराळ्या जातीची आहे. ती परीक्षेत पहिला आल्याबद्दल मिळत नाही. तिच्या योगे कोणतीही पदवी पदरात पडत नाही. आणि तिची मुदत संपताच घेणाऱ्याने आपल्या घरी परत जावे अशी तिची अटच असते. तिला आपण अभ्यागतवृत्ती म्हणू. अभ्यागत म्हणजे घरी आलेला पाहुणा. पाहुण्याचा पाहुणचार करावा, त्याला हवे ते दाखवावे, द्यावे, आणि वेळेवर त्याला निरोपही द्यावा, असा जो आपल्याकडील जुना रिवाज, तोच विद्येच्या क्षेत्रात आणिला म्हणजे ही वृत्ती झाली. आफ्रिका खंडातील जे तरुण आपापल्या देशात राहून पीएच्. डी. पदवीसाठी संशोधन करीत आहेत, त्यांना काही महिने दुसऱ्या देशातील विद्यापीठात, प्रयोगशाळेत अथवा दप्तरखान्यात जाऊन काम करता यावे म्हणून अशा अनेक वृत्ती आज दिल्या जातात. त्या का निघाल्या, कशा चालतात, आणि त्यांत गुण कोणते व उणिवा कोणत्या, हे समजून घेण्यासारखे आहे.

प्रथम पीएच्. डी. म्हणजे काय ते लहान वाचकांसाठी थोडक्यात सांगणे अवश्य आहे. शाळेत व महाविद्यालयात आपण जे शिकतो ते कोणास तरी आधीच ठाऊक असते. शिक्षकास ते येते व आपणास येत नाही, एवढाच फरक. पीएच्. डी.चा विद्यार्थी मात्र असा प्रश्न हाती घेतो की ज्याचे उत्तर त्याच्या शिक्षकासही ठाऊक नसते, किंबहुना जगात कोणासच ठाऊक नसते. तीन, चार, कधी सहासात वर्षे त्या एका प्रश्नामागे लागून तो उत्तर शोधतो, त्यावर प्रबंध लिहितो, आणि जाणत्या परीक्षकांपुढे तोंडी परीक्षा देऊन आपले म्हणणे सिद्ध करतो. ह्या कामास बुद्धी व चिकाटी लागते हे सांगावयास नकोच. पण तेवढ्याने भागत नाही. साधने लागतात, आणि सोबतही लागते. सोबत म्हणजे त्याच विषयात डोके घालणारी, चूक दाखविणारी, नवी वाट सुचविणारी चार माणसे. साधनांची वाण लोकांना दिसते. सोबतीची वाण मात्र ज्याची त्यालाच कळते.

आता आफ्रिकेकडे वळू. आपल्याकडे आफ्रिका म्हटली की सिंह, वाळवंट आणि घनदाट अरण्य एवढेच चित्र पुष्कळांच्या डोळ्यांपुढे उभे राहते. हे चित्र टाकून दिले पाहिजे. आफ्रिका हा चोपन्न राष्ट्रांचा खंड आहे. मोरोक्कोतील फेझ शहरी कारवीयीन हे विद्यापीठ इ. स. ८५९ मध्ये स्थापन झालेल्या विद्यास्थानातून वाढले, आणि माणसाच्या हृदयाचे पहिले रोपण इ. स. १९६७ साली केपटाउन येथील रुग्णालयात झाले. तेव्हा सर्व आफ्रिकेस एकाच तराजूत तोलणे बरोबर नव्हे. पण सहारा वाळवंटाच्या दक्षिणेकडील बहुतेक देशांत उच्च शिक्षणाची सोय फार उशिरा झाली हेही तितकेच खरे. युगांडातील मॅकेरेरे ही संस्था इ. स. १९२२ साली एक लहानशी औद्योगिक शाळा म्हणून निघाली; नायजेरियातील इबादान येथे महाविद्यालय निघाले ते इ. स. १९४८ साली, आणि बेल्जियमच्या अंमलाखालील काँगो देश इ. स. १९६० साली स्वतंत्र झाला तेव्हा त्या अफाट देशात विद्यापीठाचे पदवीधर बोटांवर मोजण्याइतके होते. ज्या देशांत पदवीधरांचीच पहिली पिढी काल-परवाची, तेथे संशोधनाची साधने व सोबत एकाएकी कोठून येणार?

एक उदाहरण घेऊ. कसावा हे आफ्रिकेतील कोट्यवधी लोकांचे रोजचे अन्न आहे. (आपण उपवासाच्या दिवशी खातो तो साबुदाणा ह्याच कंदाच्या पिठापासून करतात, हे पुष्कळांस ठाऊक नसेल.) ह्या पिकावर पूर्व आफ्रिकेत एक रोग पडतो. त्याचे नाव तपकिरी रेघांचा रोग असे सांगता येईल. हा रोग मोठा लबाड. वर पाने बहुधा हिरवीगार दिसतात, आणि शेतकरी निश्चिंत असतो. वर्षाच्या शेवटी खणून पाहावे तो जमिनीत कंद कुजलेला. हा रोग विषाणूंमुळे होतो, पांढरी माशी नावाचा बारीक कीटक तो पसरवितो, आणि रोगी झाडाच्या काड्या लावल्या म्हणजे तोच रोग नव्या शेतात जातो. रोग पाडणारे विषाणू दोन जातींचे आहेत. आता समजा, कंपाला येथील एखाद्या विद्यार्थिनीने असा प्रश्न घेतला की आपल्या जिल्ह्यात ह्या दोहोंपैकी कोणता विषाणू आहे, तो कोठून आला, आणि कसाव्याच्या कोणत्या वाणास तो कमी बाधतो. शेते तिच्या दारात आहेत, शेतकऱ्यांची भाषा तिची स्वतःची आहे, कोणत्या गावात काड्या कोण कोणाकडून घेतो हे तिला विचारावेही लागत नाही. जगातील सर्वांत श्रीमंत विद्यापीठाच्या प्राध्यापकास जे मिळणार नाही ते तिला जन्मतःच मिळालेले आहे. पण विषाणूची संपूर्ण जनुकीय रचना वाचणारे यंत्र हवे, ते चालविणारा कारागीर हवा, त्यास लागणारी रसायने बर्फात घालून वेळेवर पोचावयास हवीत, आणि मध्येच वीज गेली तर सारे काम फुकट. यंत्र असले तरी ते बिघडले म्हणजे दुरुस्त करणारा माणूस परदेशातून यावा लागतो. अशा वेळी तिने काय करावे?

पूर्वी ह्यास दोनच उत्तरे होती, आणि दोन्ही वाईट. एक उत्तर असे की तिने सारे सोडून चारपाच वर्षांसाठी इंग्लंडला अथवा अमेरिकेला जावे. तेथे तिला यंत्रे मिळतील, पदवीही मिळेल. पण तेथील गुरूच्या प्रयोगशाळेत ज्या प्रश्नावर काम चालले असेल तोच प्रश्न तिला घ्यावा लागेल, आणि कसाव्याचे शेत तिच्या हातून सुटेल. शिवाय चारपाच वर्षांत माणूस तेथे रुजतो. घर होते, नोकरी लागते, मुले तेथल्या शाळेत जाऊ लागतात. परत न येणाऱ्यास दोष देणे सोपे आहे. पण ज्या पालकांची मुले परदेशी राहिली आहेत त्यांना हे कसे घडते ते आम्ही सांगावयास नको. दुसरे उत्तर असे की तिने घरीच राहावे आणि जेवढे जमेल तेवढे करावे. म्हणजे अर्ध्या साधनांनी अर्धे काम, आणि तेही एकटीने.

ह्या दोन वाईट उत्तरांमधून तिसरे उत्तर ज्यांनी काढले त्यांत अब्दुस सलाम ह्यांचे नाव प्रथम घेतले पाहिजे. सलाम हे पंजाबातील झंग गावचे. त्यांचा जन्म इ. स. १९२६ सालचा. पदार्थविज्ञानात त्यांनी असे काम केले की पुढे इ. स. १९७९ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. केंब्रिजहून ते इ. स. १९५१ साली लाहोरच्या सरकारी महाविद्यालयात प्राध्यापक होऊन स्वदेशी परत आले. तेथे शिकविण्याखेरीज महाविद्यालयाच्या फुटबॉल संघाचीही देखरेख त्यांच्याकडे आली, असे त्यांच्या चरित्रात सांगतात. त्याचे त्यांना दुःख नव्हते. दुःख होते ते हे की त्यांच्या विषयावर बोलावयास साऱ्या शहरात एकही माणूस नव्हता. ताजी नियतकालिके येत नव्हती. त्याच सुमारास वोल्फगांग पाउली हे जगद्विख्यात शास्त्रज्ञ मुंबईस टाटा संशोधनसंस्थेत आले होते. त्यांचा निरोप येताच सलाम रजा मंजूर होण्याची वाट न पाहता मुंबईस धावले, आणि परत गेल्यावर त्यांना त्याचा जाब द्यावा लागला! तहानलेल्या माणसाने पाण्याकडे धाव घ्यावी तशी ती धाव होती. अखेर इ. स. १९५४ साली ते पुन्हा केंब्रिजला निघून गेले. देश सोडावा की विद्या सोडावी, ह्या पेचात आपल्यामागून येणाऱ्यांस पडावे लागू नये, ही गोष्ट मात्र त्यांच्या मनातून कधी गेली नाही.

पुढे इ. स. १९६४ साली इटलीतील त्रिएस्ते ह्या बंदराच्या गावी त्यांच्या खटपटीने सैद्धांतिक पदार्थविज्ञानाचे एक आंतरराष्ट्रीय केंद्र निघाले. तेथे त्यांनी एक साधी पण फार मोलाची योजना सुरू केली. गरीब देशातील शास्त्रज्ञाने आपली नोकरी व आपला देश सोडू नये. मात्र काही वर्षांच्या ठरलेल्या मुदतीत त्याने तीन वेळा, प्रत्येक वेळी सहा आठवड्यांपासून तीन महिन्यांपर्यंत, ह्या केंद्रात येऊन राहावे, वाचावे, बोलावे, लिहावे आणि परत जावे. जाण्यायेण्याचा व राहण्याचा खर्च केंद्र सोशील. एवढीच ती योजना. विहिरीपासून दूर राहणाऱ्यास विहिरीकाठी घर देण्याऐवजी, लागेल तेव्हा पाणी भरून नेण्याची मुभा दिली असे म्हणा ना! जे प्राध्यापकांस लागू केले तेच पुढे पीएच्. डी.च्या विद्यार्थ्यांसही लागू करण्यात आले. त्रिएस्तेच्या केंद्राने आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या साहाय्याने अशी एक योजना चालविली आहे की विद्यार्थ्याचे नाव स्वदेशातील विद्यापीठातच नोंदलेले राहते, आणि तीन वर्षांत दर वर्षी तीन ते सहा महिने तो बाहेर येऊन काम करतो. एक मार्गदर्शक घरचा, एक बाहेरचा. पदवी देते ते घरचे विद्यापीठ.

अशा योजनेस इंग्रजी बोलणारे लोक 'सँडविच' म्हणतात. खालची व वरची पावाची चकती म्हणजे घरचा काळ, आणि मधला मसाला म्हणजे परदेशचा. नाव जरा पोरकट वाटते खरे, पण अर्थ नेमका आहे. ह्या कामी स्वीडन देशाचे नाव विशेष सांगण्याजोगे आहे. तेथील उप्साला विद्यापीठाने इ. स. १९६१ पासून गरीब देशांतील पदार्थविज्ञानाच्या, व पुढे रसायन व गणित ह्या विषयांच्याही संशोधकांस अशा रीतीने साहाय्य केले. इ. स. २००० पासून मॅकेरेरे विद्यापीठ व स्वीडन ह्यांच्यामध्ये करार होऊन तेथील पुष्कळ तरुण अध्यापकांनी ह्याच पद्धतीने पीएच्. डी. मिळविली, आणि ते आपल्याच विद्यापीठात शिकवू लागले. ब्रिटनची राष्ट्रकुल शिष्यवृत्ती इ. स. १९५९ सालच्या ऑक्सफर्ड येथील परिषदेतून निघाली. तिच्यातही एक प्रकार असा आहे की घरच्या विद्यापीठात पीएच्. डी. करणाऱ्या विद्यार्थ्यास एकंदर बारा महिन्यांपर्यंत ब्रिटनमधील विद्यापीठात राहता येते.

वृत्ती मिळते कशी, हे पालकवर्गास जाणून घ्यावेसे वाटेल. निरनिराळ्या संस्थांचे नियम निरनिराळे, पण गाभा एकच. विद्यार्थ्याचे नाव घरच्या विद्यापीठात संशोधनासाठी नोंदलेले असावे लागते. त्याच्या मार्गदर्शकाचे पत्र लागते. ज्या संस्थेत जावयाचे तेथील एखाद्या प्राध्यापकाने 'ह्यास आम्ही घेऊ, जागा देऊ, काम पाहू' असे लेखी कळविलेले असावे लागते. आणि हीच पायरी सर्वांत अवघड. ज्याची कधी गाठ पडली नाही अशा माणसास पत्र लिहून आपल्या प्रश्नाची गोडी त्याला लावणे हे लहान काम नव्हे. दहा पत्रांस एक उत्तर आले तरी नशीब समजावे. त्यानंतर तीनचार पानांत आपला प्रश्न काय, आतापर्यंत काय झाले, येथे येऊन नेमके काय करावयाचे व ते घरी का होऊ शकत नाही, हे लिहावे लागते. 'मला परदेश पाहावयाचा आहे' असे कोणी लिहीत नाही, पण पुष्कळांच्या अर्जातून तेवढेच दिसते, आणि ते अर्ज मागे पडतात. ज्याने लिहिले की 'माझ्याकडे अमुक गावांतून गोळा केलेले पानांचे नमुने तयार आहेत, त्यांची अमुक तपासणी करण्यास मला चौदा आठवडे लागतील,' त्याचे काम होते. वृत्तीत विमानाचे भाडे, दरमहा राहण्याजेवण्याचा खर्च, आजारपणाचा विमा, व पुष्कळदा यजमान प्रयोगशाळेस द्यावयाची फी, जिला तेथे 'बेंच फी' म्हणतात, इतक्या गोष्टी येतात. परत गेल्यावर केलेल्या कामाचा अहवाल धाडावा लागतो.

येथवर आपण विज्ञानाचेच बोललो. परंतु इतिहासाच्या विद्यार्थ्याची अडचण ह्याहून चमत्कारिक आहे. कसाव्याचे शेत निदान युगांडात तरी आहे. पण आफ्रिकेच्या इतिहासाचे कागद आफ्रिकेबाहेर आहेत. फ्रेंचांच्या वसाहतींची दप्तरे दक्षिण फ्रान्समधील एक्स-आँ-प्रोव्हान्स येथे, ब्रिटिशांची लंडनजवळ क्यू येथे, पोर्तुगिजांची लिस्बन येथे. आपल्याच आजोबांवर कोणता कर बसला, आपल्याच गावची जमीन कोणी व केव्हा घेतली, हे वाचावयास सेनेगलच्या अथवा केनियाच्या विद्यार्थ्याने समुद्र ओलांडावा लागतो. आणि ओलांडूनही ते कागद पाहावयास मिळतीलच असे नव्हे. केनियातील काही वृद्ध स्त्रीपुरुषांनी इ. स. २००९ साली ब्रिटिश सरकारावर लंडनच्या न्यायालयात फिर्याद केली. इ. स. १९५० नंतरच्या माऊ माऊ बंडाच्या काळात छावण्यांत आपला छळ झाला, असे त्यांचे म्हणणे होते. त्या खटल्याच्या ओघात इ. स. २०११ साली असे उघडकीस आले की ३७ पूर्वीच्या वसाहतींतून उचलून आणलेल्या सुमारे ८,८०० फायली हॅन्स्लोप पार्क नावाच्या सरकारी जागेत पन्नास वर्षे बंद पडून होत्या. नंतर त्या टप्प्याटप्प्याने क्यू येथे वाचकांसाठी खुल्या झाल्या. इ. स. २०१३ साली ब्रिटिश सरकारने पाच हजारांहून अधिक फिर्यादींस नुकसानभरपाई देऊन तडजोड केली. ह्या फायली वाचून नैरोबीच्या विद्यार्थ्याने जर प्रबंध लिहावयाचा असेल, तर त्याला लंडनमध्ये राहण्यास काही महिन्यांचा खर्च कोणी तरी दिलाच पाहिजे. त्याच्या बाबतीत ही वृत्ती म्हणजे दान आहे असे आम्हांस वाटत नाही. ज्याचे दप्तर त्याला दाखविण्याचा तो प्रवासखर्च आहे.

ह्या बाबतीत आमच्या गोमंतकाचाही संबंध येतो, हे वाचून काहींस नवल वाटेल. पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावरील मोझांबिक हा मुलूख इ. स. १७५२ पर्यंत गोव्याच्या पोर्तुगीज व्हाइसरॉयच्या हाताखाली होता. त्यामुळे मोझांबिकच्या जुन्या कारभाराचे पुष्कळ कागद लिस्बनला नव्हे तर पणजीस आहेत. गोव्याचा हा दप्तरखाना इ. स. १५९५ साली स्थापन झाला व त्याचा पहिला अधिकारी दियोगु दु कोतु हा बखरकार होता. तेथील 'मोसमी बुके' प्रसिद्ध आहेत. मोसमी वाऱ्यांबरोबर वर्षातून एकदा लिस्बनकडे जाणारी व तिकडून येणारी जी जहाजे, त्यांतून चाललेला पत्रव्यवहार ह्या जाड बाडांत बांधून ठेविला आहे. पांडुरंग पिसुर्लेकर ह्यांनी मराठे व पोर्तुगीज ह्यांच्या संबंधाचा इतिहास ह्याच दप्तरांतून उजेडात आणिला, हे मराठी वाचकांस ठाऊक आहे. मराठ्यांच्या इतिहासासाठी ज्या फडताळांचा उपयोग झाला, त्यांतच मोझांबिकच्या लोकांचाही इतिहास पडलेला आहे. जुनी पोर्तुगीज लिपी वाचावयास शिकून तेथील एखादा विद्यार्थी सहा महिने पणजीस येऊन बसला, तर यजमानपण आपल्याकडे येते.

भारताने हे यजमानपण इतर मार्गांनीही पत्करले आहे. पुण्यासारख्या शहरी आफ्रिकी विद्यार्थी पुष्कळ दिसतात, पण त्यांतील बहुतेक पूर्ण पदवीसाठी आलेले असतात, अभ्यागत थोडे. सलाम ह्यांनीच इ. स. १९८३ साली त्रिएस्ते येथे गरीब देशांतील शास्त्रज्ञांची एक विज्ञान-अकादमी स्थापिली. तिच्याशी करार करून भारतीय वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने आपल्या प्रयोगशाळांची दारे अशा विद्यार्थ्यांस उघडली आहेत, आणि पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा ही त्याच परिषदेची. इ. स. २०१० साली भारत सरकारने आफ्रिकी संशोधकांकरिता चंद्रशेखर वेंकट रामन ह्यांच्या नावाने एक वृत्ती सुरू केली. तीत एक महिना, तीन महिने व सहा महिने असे तीन प्रकार ठेविले, आणि सहा महिन्यांची वृत्ती पीएच्. डी. झालेल्यांसाठी होती. ह्या वृत्तीस रामन ह्यांचे नाव दिले हे फार समर्पक झाले. रामन शिकावयास परदेशी गेले नव्हते. इ. स. १९२१ साली विद्यापीठांच्या परिषदेसाठी ते प्रथमच इंग्लंडला गेले, आणि परतीच्या प्रवासात बोटीवरून भूमध्य समुद्राचा गर्द निळा रंग पाहून हे पाणी निळे का, ह्या प्रश्नाने त्यांना घेरले. उत्तर त्यांनी कलकत्त्यास येऊन शोधले. त्याच शोधाच्या मार्गाने इ. स. १९२८ साली त्यांना प्रकाशाचा तो परिणाम सापडला जो आज त्यांच्या नावाने ओळखला जातो. गेले थोड्या दिवसांसाठी, प्रश्न घेऊन आले, आणि काम घरी केले.

आता उणिवांविषयी. पहिली उणीव मुदतीची. तीन महिन्यांत माणूस नवे शहर ओळखतो, बसचा रस्ता शिकतो, यंत्रास हात लावण्याची परवानगी मिळवितो, आणि खरे काम सुरू होते न होते तोच परतीचे तिकीट पुढे उभे राहते. दोन किंवा तीन वेळा मिळून दहाबारा महिने जाऊ देणारी योजना आम्हांस सर्वांत शहाणपणाची वाटते. एकच लहान फेरी ही बहुधा पाहुणचारच होते. दुसरी अडचण व्हिसाची. एका हाताने वृत्ती द्यावयाची व दुसऱ्या हाताने दार लावावयाचे, असा प्रकार वारंवार घडतो. इ. स. २०२२ साली कॅनडातील माँट्रिअल येथे एड्स रोगाविषयी आंतरराष्ट्रीय परिषद भरली. ज्या खंडास त्या रोगाने सर्वाधिक ग्रासले त्या आफ्रिकेच्याच अनेक प्रतिनिधींना व्हिसा मिळाला नाही, आणि त्यावरून मोठी ओरड झाली. परिषदेस न जाणाऱ्याचे चार दिवस जातात; संशोधक विद्यार्थ्याचे वर्ष जाते, कारण पुढच्या हंगामावाचून नवे नमुने मिळत नाहीत.

ह्याहून नाजूक गोष्ट नमुन्यांचीच. आपल्या शेतातील पाने, आपल्या गावकऱ्यांचे रक्त, आपल्या अरण्यातील मुळ्या घेऊन विद्यार्थी परदेशी प्रयोगशाळेत जातो. तेथे जे सापडेल ते कोणाचे? निबंधावर पहिले नाव कोणाचे? त्या मुळीतून औषध निघाले तर पैसा कोणाचा? पूर्वी ह्याचा विचारच होत नसे. नमुने जात, आणि पाठविणाऱ्याचे नाव निबंधाच्या शेवटी आभाराच्या एका ओळीत येई. इ. स. २०१० साली जपानमधील नागोया शहरी झालेल्या व इ. स. २०१४ पासून अमलात आलेल्या आंतरराष्ट्रीय कराराने एवढे ठरविले की ज्या देशाची वनस्पती वा जीवजंतू त्या देशाची संमती घ्यावी व लाभात त्यास वाटा द्यावा. पण करार कागदावर असतो, आणि प्रयोगशाळेत असतो तो बावीसपंचवीस वर्षांचा, बुजलेला, यजमानाच्या उपकाराखाली दबलेला तरुण. जाण्यापूर्वीच दोन्ही मार्गदर्शकांनी ह्या गोष्टी लिहून ठेवाव्या, हे उत्तम.

स्त्रियांची अडचण आणखी वेगळी. संशोधनाचे वय तेच लग्नाचे व लहान मुलांचे वय. चार वर्षे घर सोडणे जिला सर्वथा अशक्य, तिला वर्षातून काही महिने जमू शकतात. त्रिएस्ते येथेच कार्यालय असलेल्या, विकसनशील देशांतील विज्ञानक्षेत्रातल्या स्त्रियांच्या संघटनेने इ. स. १९९८ पासून स्वीडनच्या पैशाने पीएच्. डी.साठी ज्या वृत्ती दिल्या, त्यांत पूर्ण मुदतीचा व सँडविच पद्धतीचा असे दोन्ही पर्याय ठेविले आहेत. त्यांत ध्यानात घेण्याजोगी अट ही की यजमान संस्था युरोपातील नव्हे तर विकसनशील देशांतीलच असावी लागते. त्यामुळे पुष्कळ जणी दक्षिण आफ्रिकेतील विद्यापीठे निवडतात.

आणि हेच आज आफ्रिकेत उत्तरोत्तर अधिक घडत आहे. पाहुणा म्हणून जावयाचेच, तर शेजाऱ्याकडे का जाऊ नये? केनियाचे कीटकशास्त्रज्ञ थॉमस ओधिआंबो हे केंब्रिजला शिकून परत आले आणि इ. स. १९७० साली त्यांनी नैरोबी येथे कीटकांच्या अभ्यासाची आंतरराष्ट्रीय संस्था काढली. इ. स. १९८३ पासून ह्या संस्थेत अशी योजना चालू आहे की निरनिराळ्या आफ्रिकी देशांतील विद्यार्थ्यांनी आफ्रिकेतीलच विद्यापीठात नाव नोंदवावे व संशोधन नैरोबीच्या प्रयोगशाळांत करावे. मक्याच्या खोडात शिरून पीक खाणाऱ्या किडीवर ह्या संस्थेने जो उपाय काढला तो तर आपल्या शेतकरी वाचकांनीही ऐकावा असा आहे. मक्याच्या ओळींमध्ये डेस्मोडियम नावाची शेंगावर्गातील वनस्पती लावावयाची. तिचा वास त्या किडीच्या पतंगास आवडत नाही, म्हणून तो तेथून पळतो. शेताच्या कडेने हत्ती गवत लावावयाचे. ते त्यास आवडते, म्हणून तो तिकडे जाऊन अंडी घालतो, पण त्या गवतात अळ्या फारशा वाढत नाहीत. दोन्ही वनस्पती गुरांना वैरण म्हणून उपयोगी पडतात, आणि डेस्मोडियममुळे मक्याच्या मुळांस चिकटून वाढणाऱ्या तणाचाही बंदोबस्त होतो. ह्या कामात इंग्लंडातील रोथॅम्स्टेड येथील शास्त्रज्ञांचे साहाय्य होते. शेते मात्र व्हिक्टोरिया सरोवराच्या काठची होती.

इ. स. २००८ साली नैरोबीची लोकसंख्या व आरोग्य संशोधनसंस्था आणि योहान्सबर्गचे विटवॉटर्सरँड विद्यापीठ ह्यांच्या पुढाकाराने आफ्रिकी विद्यापीठांचा एक संघ झाला. त्यात निवडलेले विद्यार्थी आपापल्या विद्यापीठांत नोकरीवर राहूनच पीएच्. डी. करतात, आणि मध्यंतरी चार वेळा कित्येक आठवडे एकत्र जमून एकमेकांचे काम तपासतात. नायजेरियाचा परिचारिकाशास्त्राचा अध्यापक, रवांडाची डॉक्टर, मलावीचा समाजशास्त्रज्ञ एका टेबलाभोवती बसतात. पुढे इ. स. २०११ साली आफ्रिकी राष्ट्रसंघाने सर्व खंडाचे म्हणून एक विद्यापीठ काढले, आणि त्याच्या शाखा नैरोबी, इबादान, याउंदे आदी ठिकाणच्या जुन्या विद्यापीठांत ठेविल्या.

आपल्या कसाव्याच्या विद्यार्थिनीस आज कंपालाहून निघावयाचे झाले तर तिच्यापुढे उप्साला आहे, लंडन आहे, पुणे आहे, आणि रात्रीच्या बसने गाठता येणारे नैरोबीही आहे. कोठेही गेली तरी तिचा प्रबंध कंपालाच्याच ग्रंथालयात ठेविला जाईल, तोंडी परीक्षाही तेथेच होईल, आणि ज्या शेतकऱ्यांनी तिला पाने खुडू दिली त्यांच्या पुढच्या लावणीच्या आत कोणते वाण लावावे हे तिला त्यांना सांगता येईल.